माझ्या हातचं नको

ह्यांनी पहिल्यांदा ताट सरकवलं ते आमसुलाच्या सारावरून. एक भुरका घेतला, वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिले. "आज यात काय घातलंस?" मी म्हटलं, रोजचंच, जिरं नि हिंग. हात धुऊन शाळेत निघून गेले. मी तीच वाटी तोंडाला लावून पाहिली. सार रोजच्यासारखंच होतं.

आमचं गाव अलिबागेच्या दक्षिणेला, बैलगाडीने सकाळी निघालं तर दुपारी पोचावं इतक्या अंतरावर. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत घर, घराच्या मागे रहाटाची विहीर आणि त्यापुढे सुरूची बनं नि समुद्र. घरात माणसं चार. सासूबाई, माझे मोठे दीर, हे आणि मी. मामंजी माझ्या लग्नाआधीच वारले होते आणि दिरांची बायको बाळंतपणात गेली होती. दीर वाडी बघत. हे गावच्या मराठी शाळेत मास्तर होते. माझं माहेर दिवेआगरचं, म्हणजे हबशाच्या मुलखातलं, नबाबाच्या संस्थानातलं. त्यामुळे सासरच्या गावाला मी जरा परकीच होते. लग्नाला तीन-चार वर्षं होऊन मूलबाळ नव्हतं, तेही एक होतंच.

ते मिठाच्या चळवळीचं वर्ष. मिठागरांवर पोलीस उभे असत आणि कुठला मास्तर खादी घालतो, कोण वर्तमानपत्र वाचून दाखवतो, याची चौकशी चाले. शेजारच्या गावच्या एका मास्तरांना घरी बसवलं होतं. म्हणून हे जेव्हा म्हणू लागले, की माझ्यावर कुणीतरी पाळत ठेवून आहे, तेव्हा आम्हां कुणालाच त्यात वेडेपणा दिसला नाही. उलट दिरांनी घरातली जुनी वर्तमानपत्रं बंबात घातली. बांगड्या भरायला आलेल्या अनोळखी कासाराला सासूबाईंनी अंगणातूनच परत लावलं. मीसुद्धा विहिरीवर जाताना मागे वळून बघायची. माझा स्वभाव मुळात संशयी. सरळ बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, याचा मी आधी विचार करते. त्यामुळे ह्यांचं बोलणं मला लवकर पटलं आणि ते आजारी आहेत हे मला उशिरा कळलं.

मग पोलिसांनी घरातलंच माणूस फोडलंय, असं त्यांनी ठरवलं. मी वाटण वाटायला बसले की दाराशी येऊन उभे राहत. हंड्यातलं पाणी पिण्याआधी वास घेत. माझ्या हातचं जेवण बंद झालं, मग आईच्या हातचंही. काही दिवस झाडावरून उतरवलेलं शहाळं स्वतः कोयत्याने फोडून तेवढंच घेत. नारळात बाहेरून कुणाला काही घालता येत नाही, असं मला एकदा समजावूनही सांगितलं. इतक्या शांतपणे सांगितलं, की मी मान डोलावली. पुढे शहाळंही कानाशी धरून हलवू लागले आणि आत काही वेगळं वाजतंय म्हणून टाकून देऊ लागले. अंगरखा खांद्यावर लोंबायला लागला. शाळेत जाणं थांबलं.

सासूबाईंनी आधी उष्णतेवर बोट ठेवलं. वाचून वाचून मेंदूत उष्णता चढली, असं म्हणून टाळूवर लोणी थापलं, ब्राह्मीचं तेल घातलं. हे बिचारे आईपुढे डोकं वाकवून बसत, पण तेल बोटावर घेऊन हुंगत. त्याने उतार पडेना तेव्हा ग्रामदेवतेला कौल लावला. तो डावा आला. मग आमच्या वाडीतल्या जुन्या गड्याला पाठवून त्यांनी खाडीकडच्या एका देवरुष्याला बोलावणं धाडलं. आमच्यासारख्या घरात असली माणसं पुढच्या दाराने येत नसत. तो मागच्या पडवीत आला, सुपात तांदूळ पसरून बसला, बराच वेळ पुटपुटला आणि म्हणाला, "बाहेरनं आलेल्या बाईच्या हातनं पोटात गेलंय."

पडवीत आम्ही दोघीच बायका होतो आणि दोघीही त्या घरात बाहेरूनच आलेल्या. पण सासूबाईंनी वळून पाहिलं ते माझ्याकडे.

त्या दिवसापासून चुलीची माझी पाळी गेली. मसाल्याचा डबा त्यांच्या उशाशी गेला. माझ्या ट्रंकेतल्या लुगड्यांच्या घड्या कुणीतरी उलगडून पुन्हा घातल्या होत्या. मी घडी उजवीकडून घालते, ती डावीकडून घातलेली होती. माहेरून आलेल्या कोहाळ्याच्या वड्या म्हशीच्या आंबोणात गेल्या. मला तोंडावर कुणी काही बोललं नाही. विहिरीवर शेजारणी माझी घागर भरेपर्यंत आपली लांब धरून ठेवत. नवऱ्याला मुठीत ठेवायला बायका काहीबाही चारतात, प्रमाण चुकलं की माणूस भ्रमिष्ट होतो, असं सगळ्यांना ठाऊक होतं. हबशाच्या मुलखातल्या बायकांना त्यातलं जरा जास्त कळतं, अशीही एक समजूत होती.

मी मनात म्हणे, मी चारलं असतं तर आईच्या हातचंही का टाकतात? हेच मी एकदा सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर. एवढं जालीम आहे ते."

मी घागर उचलून विहिरीवर गेले.

उलगडा झाला तो गड्यामुळे. तो नारळ सोलत बसला होता आणि मी काथ्या गोळा करत होते. ह्यांच्याकडे बघून तो हळहळला. "धन्यांना पालीला न्यायला पायजे. मागल्या खेपेला बल्लाळेश्वरापाशी ठेवलं व्हतं, तवाच उतार पडला."

"मागल्या खेपेला?"

त्याचा कोयता थांबला. "म्हंजे... लहान व्हते तवा."

"किती लहान?"

"मला काय ठावं न्हाय, वैनीबाय," तो म्हणाला आणि उठून दुसऱ्या ढिगाकडे गेला.

माझं लग्न ठरवताना आमच्याकडे सांगितलं होतं, की मुलगा अलिबागेच्या शाळेत हुशार होता, पण देवाच्या ओढीने एक वर्ष पालीला राहिला म्हणून परीक्षा चुकली. माझ्या वडिलांना त्याचं केवढं कौतुक! श्रद्धाळू जावई मिळाला म्हणून गावभर सांगत सुटले होते. मी काथ्या तिथेच टाकला आणि विहिरीवर गेले. सासूबाई तिथे अळूला पाणी घालत होत्या.

"पालीला हे देवाच्या ओढीने राहिले होते की आजारी होते?"

त्यांनी हातातली तपेली खाली ठेवली. कोण बोललं, असं विचारतील असं मला वाटलं होतं, पण तसं विचारलं नाही.

"आजारी होता," त्या म्हणाल्या. "सतरावं लागलं होतं. खाणावळवाली विष घालते म्हणायचा."

"आणि तरी तुम्ही माझ्याकडे बोट केलंत?"

"तेव्हा बरा झाला होता गो पूर्ण. पुन्हा आलं ते तू आल्यावर."

"मला आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुझ्या बापाने दिली असती तुला?" आणि मग, मी काही न विचारता, त्या म्हणाल्या, "माझा भाऊ असाच होता. त्याला सरकारी वेड्यांच्या इस्पितळात घातला. माझ्या बापानेच नेऊन घातला. पुन्हा आला नाही तो. आजाराने गेला म्हणून कळवलं. कुठल्या आजाराने? कोण होतं पाणी पाजायला? कुणी अग्नी दिला? कुणाला ठाऊक नाही. तेव्हा माझ्या पोराला तिकडे न्यायचं नाव कुणी काढलं तर याद राखा."

म्हणजे दुखणं त्यांच्या माहेरकडचं होतं आणि ते त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला राग यायला हवा होता, तो आलाही. पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं ते याचं, की एवढं माहीत असूनही त्यांचा माझ्यावरचा संशय खोटा नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की मी काहीतरी चारलंय. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या.

इस्पितळाचं नाव दिरांनी आधीच काढलेलं होतं. मुंबईपलीकडे खाडीकाठी सरकारी इस्पितळ होतं. तिथे मोठा डॉक्टर आहे, औषधपाणी होतं, असं ते म्हणत. माझ्याशी बोलताना ते खांबाकडे तोंड करून बोलत, तेव्हाची रीतच तशी होती, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नसे. मला त्यांच्याबद्दल खात्री वाटेना. वाडी दोघा भावांची. एक भाऊ वेडा ठरला, त्याला मूलबाळ नाही, बायको माहेरी पाठवता येते. मग उरतं कोण? मी सासूबाईंची बाजू घेतली ती त्यांच्यावरच्या प्रेमाने नव्हे. दिरांची घाई मला खटकत होती, एवढंच.

मग विहिरीचं झालं. एका सकाळी ह्यांनी रॉकेलचा डबा उचलला आणि विहिरीत रिकामा केला. कुणी अडवायच्या आत. आम्ही धावलो तर समाधानाने रहाटापाशी उभे. "आता कुणी पिणार नाही," म्हणाले, "आता सगळे वाचतील." त्या विहिरीवर आजूबाजूची पाच-सहा घरं पाणी भरत. गाव जमा झालं. आवाज चढले. दिरांनी आणि गड्याने ह्यांना धरून नारळाच्या कोठीत नेलं आणि पायाला बैलाचं दावं बांधून दुसरं टोक खांबाला अडकवलं.

मी जेवण घेऊन गेले. ते जेवणार नाहीत हे माहीत असूनही गेले. ते नारळांच्या ढिगाला टेकून बसले होते. दाव्याने घोटा सोलवटला होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुलाही बांधतील. तू माहेरी जा." माझ्यावर विष घातल्याचा संशय धरणारा माणूस माझी काळजी करत होता. मी ताट तिथेच ठेवून ओसरीवर आले. दीर खांबाशी उभे होते.

"भावोजी," मी म्हटलं, "इस्पितळात न्यायचं असेल तर मी बरोबर येणार. तुम्ही एकट्याने न्यायचं नाही."

त्यांनी खांबाकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "माझ्यावर भरवसा नाही तुझा."

"नाही," मी म्हटलं. मोठ्या दिरांना मी असं उत्तर दिलं, याचं मला आजही नवल वाटतं. ते फक्त म्हणाले, "बरं. ये."

सासूबाईंनी देवघरात जाऊन दार लावून घेतलं. आम्ही निघालो तरी बाहेर आल्या नाहीत.

अलिबागेला सरकारी डॉक्टरांनी तपासलं आणि मग मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे उभं केलं. त्यांचा हुकूम झाल्याशिवाय कुणालाही त्या इस्पितळात ठेवता येत नसे. साहेब आपल्यातलेच होते, पगडी नि उपरणं, वयस्क. त्यांनी आधी दिरांची नि माझी हकीकत ऐकून घेतली, मग ह्यांना खुर्ची दिली आणि बोलायला सांगितलं.

हे इतकं नीट बोलले! शाळा कोणती, वर्ग किती, महिनाभर प्रकृती बरी नाही म्हणून रजा घेतली आहे. घरात वाडीवरून थोडी कुरबुर आहे, थोरले बंधू तापट आहेत, पण त्यांच्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. विहिरीत रॉकेल पडलं ते डबा निसटल्यामुळे. माझ्या घोट्याला जखम कशाची आहे ती साहेबांनी पाहावी. आणि पाय पुढे केला.

साहेबांनी त्या घोट्याकडे पाहिलं, मग दिरांकडे, मग माझ्याकडे. त्या नजरेत मी आमच्या पडवीत माझ्याकडे वळलेल्या सासूबाई पाहिल्या.

"वाडी किती?" त्यांनी दिरांना विचारलं. "वाटणी झालेली आहे?"

"नाही, साहेब. एकत्र आहे."

"आणि बाई, तुम्ही हे आपल्या मनाने सांगताय, की कुणी पढवून आणलंय?"

मी साहेबांवरची नजर काढून घेतली. कारण त्यांचा संशय तोच होता, जो माझा स्वतःचा होता. क्षणभर मला वाटलं, हे खरंच शहाणे आहेत. आम्हीच सगळे मिळून चांगल्या माणसाला वेडा ठरवतोय. सांगून टाकावं, की घरी घेऊन जाते.

तेवढ्यात साहेबांनी शिपायाला ह्यांच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. ऊन चढलं होतं, ओठ सुकलेले दिसत होते. शिपायाने तांब्या-भांडं समोर ठेवलं. ह्यांनी भांडं उचललं, जवळ नेलं, वास घेतला. मग ते हळूच साहेबांच्या टेबलावर ठेवून अगदी आदराने म्हणाले, "आधी आपण घ्यावं."

साहेब हसले. "प्या, मास्तर. साधं पाणी आहे."

"आपल्याला ठाऊक नसेल," हे आवाज खाली आणून म्हणाले. "तो शिपाई त्यांच्यातला आहे. आमच्या घरापासून मागे येतोय. आपणही सांभाळून राहावं."

शिपाई दारात उभा राहून घाबरून बघत होता. त्याने आम्हाला जन्मात पाहिलं नव्हतं. साहेबांनी ते भांडं स्वतः पिऊन रिकामं केलं, पुन्हा भरून ह्यांच्या पुढे धरलं. ह्यांनी मान हलवली. मग साहेबांनी टाक उचलला. मला म्हणाले, "बाई, रडू नका." तोवर मी रडतेय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रेवसहून बोटीने मुंबई, तिथून पुढे. इस्पितळाच्या उंच भिंती पाहून मला सासूबाईंचा भाऊ आठवला. आत गेल्यावर आरडाओरडा ऐकू येईल, साखळदंड दिसतील असं वाटलं होतं. ओरडणारं कुणीतरी होतंही लांब कुठेतरी. पण समोर भाजीचा मळा होता आणि त्यात काही माणसं वाकून वांगी काढत होती. डॉक्टर घाईत होते. आमच्याकडे आधी कुणाला असा आजार होता का, हे त्यांनी विचारलं. दीर म्हणाले, कुणाला नाही. मी म्हटलं, "ह्यांच्या मामांना होता." दिरांनी चमकून खाली पाहिलं. हे रखवालदाराबरोबर आत चालू लागले आणि एकदाही मागे वळले नाहीत. ते दार लागलं तेव्हा मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही.

पहिली भेट दिवाळीच्या सुमाराला झाली. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे मधले महिने तसेच गेले. गावात तोवर ते मेले, अशीही बातमी उठून गेली होती. सासूबाई म्हणाल्या, "मी येणार." ज्या दाराचं नाव काढू नका म्हणत होत्या, त्या दारात त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि शोध घ्यायला आल्यासारख्या आत शिरल्या. रखवालदाराच्या काठीला हात लावून पाहिला. कुणीतरी डाळीचं पातेलं नेत होतं, त्याला थांबवून वास घेतला. हे आले. चेहरा भरला होता. धुतलेला सदरा होता.

"पाठ फिरव," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"पाठ फिरव म्हणते ना."

सदरा वर करून त्यांनी उजेडात पाठ तपासली, खांदे तपासले. वळ नव्हते. मग मनगटाशी एक आडवी खूण दिसली, बरी होत आलेली. "हे काय?" ह्यांनी हात मागे घेतला. रखवालदार म्हणाला, सुरुवातीला स्वतःच दारावर हात आपटून घेतला. सासूबाईंनी त्याच्याकडे अशी नजर लावली, की तो दुसरीकडे बघू लागला. खरं काय झालं होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. मी पुढे ह्यांना अनेकदा विचारलं. ते म्हणत, आठवत नाही. खरंच आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, कोण जाणे.

"जेवतोस?" सासूबाईंनी विचारलं.

"जेवतो."

"कुणाच्या हातचं?"

"कुणाच्या म्हणजे? शंभर माणसांचं एका हंड्यात शिजतं. एवढ्या सगळ्यांना कोण कशाला विष घालील?"

ते हे इतक्या सहज म्हणाले, की मला हसूच आलं. घरी मी ताजा भात, साजूक तूप, निवडून केलेली भाजी पुढे करत होते आणि त्यांना हवी होती ती शंभर जणांची डाळ. औषधही देत होते, झोपेचं काहीतरी. ते घेऊन बरे झाले की डाळ खाऊन, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. बाहेर पडताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माझ्या भावाच्या वेळी बघायला कुणी आलंच नव्हतं."

त्यानंतर मसाल्याचा डबा माझ्याकडे आला. सासूबाईंनी तो स्वतः आणून चुलीपाशी ठेवला. पण पालीच्या देवाला नवस बोलल्या आणि देवरुष्याकडूनही अंगारा आणून इस्पितळात नेऊन ह्यांच्या उशाखाली ठेवून आल्या. डॉक्टर बरा करतो म्हणून बाकीच्यांना सुट्टी द्यावी, असं त्यांना वाटत नसे. मलाही मनातून तेच बरं वाटलं.

दीड वर्षाने हे घरी आले. आले त्या दिवशी मी पान मांडलं. ते पाटावर बसले आणि हात गुडघ्यावर ठेवून नुसते बघत राहिले. मग मी काय केलं, तर माझं पान आणून त्यांच्या शेजारी मांडलं, एकाच पातेल्यातून दोघांना भात वाढला आणि आधी मी घास घेतला. सासूबाई आणि दीर पाहत होते. बाईमाणूस पुरुषांच्या पंगतीत, नवऱ्याच्या आधी! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भात कालवला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपलं पान आणलं. दीरही तिथेच बसू लागले. आमच्या घरात पुढे ती रीतच पडली आणि गावाला नवा विषय मिळाला. पाहिलंत ना, नवऱ्याच्या आधी जेवते, काहीतरी केल्याशिवाय का ऐकतो तो? माझ्यावरचा संशय तिथे कधी फिटलाच नाही.

शाळेची नोकरी परत मिळाली नाही. हे वाडीत रमले. रोपांना पाणी, सुपारी वाळत घालणं, हिशोबाचं काम. पुढे वाटणी झाली तेव्हा दिरांनी विहिरीकडची चांगली बाजू आम्हाला दिली. मी आठवडाभर विचार करत होते, यात त्यांचा काय डाव असेल. तो मला सापडला नाही. ते वारले तेव्हा मला वाटलं, बहुधा डाव नव्हताच. पण बहुधाच.

आणखी एकदा दुखणं उलटलं. त्या वेळी त्यांनी माझ्यासमोर भांडं ठेवलं, आणि म्हणाले, "मला यात वास येतोय. वास नाहीये, हे मला ठाऊक आहे. पण येतोय. मला तिकडे नेऊन सोड." आम्ही दोघंच गेलो. मॅजिस्ट्रेट दुसरे होते. या खेपेला तीन-चार महिन्यांतच परत आले.

त्याच सुमाराला, एका दुपारी, आमच्या विहिरीवर माझी घागर भरेपर्यंत आपली लांब धरणाऱ्यांपैकी एक शेजारीण मागच्या दाराने आली. ताक हवंय म्हणाली. ताक घेतलं तरी जाईना. मग विचारलं, "तिकडे मारतात का हो?"

"कुणाला घालायचंय?" मी विचारलं.

"कुणाला नाही. आपलं विचारलं." पदराचं टोक पिळत राहिली. "सून रात्रंदिवस बोलत बसते एकटीच. मूल जवळ घेत नाही. माहेरून काहीतरी लागून आलंय तिला, असं आमचं म्हणणं."

"केव्हापासून?"

"बाळंत झाल्यापासून."

"मग माहेरून कसं आलं?"

तिने ताकाचं भांडं खाली ठेवलं. मी जे होतं ते सांगितलं. मळा सांगितला, डाळ सांगितली, लांबून येणारा ओरडा सांगितला आणि मनगटावरची खूणही लपवली नाही. भेटायला मात्र जायला हवं, हे दोनदा सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "तुम्ही आम्हाला तिकडे का पाठवायला बघताय?"

मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं. "पाठवत नाही," मी म्हटलं. "तू विचारलंस म्हणून सांगितलं."

त्यांनी आधी देवरुषी केला, मग कौल लावला. पुढच्या महिन्यात तिचा मुलगा ह्यांच्याकडे आला, अलिबागेला कुठल्या कचेरीत जायचं ते विचारायला. हे त्याच्याबरोबर गाडीत बसून गेले.